दोनाने भाग न जाणारी हळद

आषाढीला पंढरपूर करून आलेले वारकरी पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, नरसी नामदेव गावात येतात. या यात्रेला परतवारी म्हणतात. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या या गावाचे नाव महाराष्ट्रात आहे तसे पंजाबातही आहे. कयाधू नदीच्या काठी नामदेवांचे मंदिर आहे आणि गावात गुरुद्वाराही. परतवारीच्या सुमारास इथल्या शिवारात सोयाबीन, तूर, कापूस चांगले वर आलेले असतात आणि मधेच एखाद्या रानात गादीवाफ्यांवर हळदीच्या रुंद पानांचे कोंब दिसतात.

सोयाबीन तिफणीने पेरले, तूर त्यातच आंतरपीक म्हणून घेतली, सरकी पाकिटातून काढून टोकली. हळदीचे बी मात्र कोणी पेरत नाही. तिचे बेणे लावावे लागते. सोयाबीनला एकरी तीसेक किलो बी पुरते. हळदीला एकरी आठ-दहा क्विंटल बेणे जाते. म्हणजे आलेल्या पिकातला चांगला वाटा विकायच्या आधीच पुढच्या वर्षासाठी बाजूला काढायचा, सावलीत ढीग लावून जपायचा, त्यात कूज लागली तर तेही सोसायचे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव या पट्ट्यात हळद हे आता मोठे नगदी पीक झाले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बेण्याचा हा भार कोणाला चुकलेला नाही. हळदीला बी का नाही, या प्रश्नाचे उत्तर शेतीत सापडत नाही. ते पेशी विभागते कशी, यात आहे. सजीवांत पेशी विभागण्याच्या दोन रीती आहेत आणि हळदीला त्यांतली एकच धड जमते.

पेशी ही जुन्या पेशीपासूनच होते, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. पण एवढे ठरायलाच एकोणिसावे शतक अर्धे सरले. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले. ते येतात कुठून हे पुढे पावणेदोनशे वर्षे कोणाला नक्की सांगता येत नव्हते. पेशीसिद्धान्ताचा एक जनक थिओडोर श्वान १८३९ मध्येही असेच समजत होता, की द्रवात स्फटिक जमतात तशा पेशी जमून येत असतील. रॉबर्ट रेमाकने पेशी दुभंगताना पाहिल्या आणि त्याचे श्रेय १८५५ च्या सुमारास ही गोष्ट ठासून मांडणाऱ्या रुडॉल्फ फिर्खोने नेले. विज्ञानाच्या इतिहासात हे असे फार वेळा घडते. खरा उजेड पडला तो कापड रंगवायला निघालेल्या नव्या कृत्रिम रंगांमुळे. जर्मनीच्या वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी या रंगांत बुडवल्या, तेव्हा केंद्रकातल्या धाग्यांनी रंग धरला आणि ते लांबीतून चिरले जाऊन दोन दिशांना जाताना दिसले. त्याचे पुस्तक १८८२ चे. या धाग्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो.

आता हळदीकडे येऊ. काढणीनंतर जमिनीतून जो माल निघतो त्यात मधला जाड गोल जेठा गड्डा असतो, त्याच्या अंगाला बगलगड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडे. बेण्याला बहुतेक जण जेठे गड्डे ठेवतात, ५० ग्रॅमच्या वरचे, टणक, बिनकुजके. असा एक गड्डा हातात घेऊन नीट पाहा. त्याच्यावर आडव्या कड्या असतात. प्रत्येक कडी ही तिथे कधीकाळी असलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण आहे, कारण गड्डा हे मूळ नव्हे, जमिनीत वाढलेले खोड आहे. कड्यांच्या कडेला फुगीर टोकाचे डोळे असतात. एखादा डोळा नखाने हलकेच सोलला तर एकात एक गुंडाळलेले पापुद्रे निघत जातात आणि शेवटी टाचणीच्या माथ्याहूनही लहान असा पांढुरका घुमट उरतो. पाठ्यपुस्तकात जिला विभाजी ऊती म्हणतात ती ही. हळदीचे सगळे पुढचे आयुष्य या एवढ्याशा जागेत आहे. गड्ड्याचा बाकीचा गर, म्हणजे पिष्टाने गच्च भरलेल्या आणि पिवळ्या रंगाच्या पेशी, यांचे विभागणे केव्हाच थांबलेले असते. तो डोळ्याचा शिधा.

काढणीनंतर साधारण दोन महिने हा डोळा ढिम्म असतो. पाणी दिले तरी फुटत नाही. या सुप्तावस्थेत त्यातल्या पेशी जिवंत असतात, श्वास घेतात, पण विभाजनाची तयारी सुरू करायच्या आधीच अडून बसलेल्या असतात. मे महिन्यात ढिगात ऊब धरली की डोळे फुगू लागतात. अर्थ इतकाच, की आत पेशींना पुढे जायची मुभा मिळाली.

ही मुभा कोण देते, हे शोधणाऱ्या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले. लीलंड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम केले, पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका जातीच्या यीस्टवर आणि टिम हंट यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर. पेशीत काही प्रथिने ठरावीक काळाने साठतात आणि मोडली जातात. ती पुरेशी साठली की काही विकरे जागी होतात आणि पेशीला पुढच्या टप्प्यात ढकलतात. मधे तपासणीची नाकी असतात. गुणसूत्रांची नक्कल पुरी झाली का, त्यात मोडतोड आहे का, सगळी गुणसूत्रे ओळीत आली का, हे पाहूनच पुढची वाट मोकळी होते. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेने याहून नवलाची गोष्ट दाखवली. ज्या यीस्टमधला हा नियंत्रक जनुक बिघडवून ठेवला होता, त्यात माणसाचा तसाच जनुक घातला, आणि यीस्टचे विभाजन पुन्हा सुरू झाले. हळदीच्या डोळ्यातही याच घराण्यातली प्रथिने काम करतात. यीस्ट, हळद आणि आपण, तिघांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे होऊन एक अब्जाहून जास्त वर्षे लोटली. ही यंत्रणा मात्र कोणी टाकून दिली नाही.

हळदीच्या प्रत्येक पेशीत ६३ गुणसूत्रे असतात. विभाजनाआधी पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते, त्यामुळे ६३ पैकी प्रत्येक गुणसूत्र दुपेडी होते; दोन एकसारखे पेड मधे एका बिंदूला चिकटलेले. मग धागे आखडून जाड होतात, केंद्रकाचे आवरण विरते. ही पूर्वावस्था. पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तर्कूतंतू येतात आणि प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी धरतात. या ओढाताणीत सगळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एका ओळीत येऊन थांबतात, ती मध्यावस्था. शेवटचे गुणसूत्र ओळीत येईपर्यंत पेशी थांबते आणि मग एकाच क्षणी सगळ्या ६३ जोड्यांचा मधला सांधा सुटतो. एक पेड इकडे, एक तिकडे. पश्चावस्था ही सगळ्यात देखणी. सूक्ष्मदर्शकाखाली ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. दोन्ही टोकांना ६३-६३ पोचली की भोवती नवे आवरण तयार होते. प्राण्याची पेशी यानंतर मधोमध आवळली जाऊन तुटते. वनस्पतीच्या पेशीला भोवती टणक भित्तिका असते, तिला आवळणे जमत नाही. म्हणून ती आत मधोमध एक पडदा घालायला घेते आणि तो बाहेरच्या दिशेने वाढवत भिंतीला नेऊन जोडते. हे झाले सूत्री विभाजन. याचा गुण एकच: जे होते तेच, तसेच, दोनदा.

हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, साधा शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. हळदीची ६३ बारीक गुणसूत्रे मोजणे त्यावर कठीण. म्हणून कांदा घ्यावा, त्याची फक्त १६ असतात आणि ती चांगली ठसठशीत. कांद्याची वाळलेली मुळे खरवडून तो पाण्याच्या पेल्यावर असा ठेवायचा की बूड पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे येतात. सकाळच्या वेळी त्यांची शेवटची एक सेंटिमीटर टोके कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करायची, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. मग टोकाचा मिलिमीटरभर भाग काचपट्टीवर घेऊन ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, आच्छादन काच ठेवून टिपकागदातून अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा घसरू द्यायचा नाही, एवढीच यातली कला. आम्ल शिक्षकांच्या हातून घ्यावे. पाहाल तर बहुतेक पेशींत नुसते गोल केंद्रक दिसेल. शंभरात दहा-पाच पेशीच प्रत्यक्ष विभागताना सापडतील. प्रत्येक अवस्थेतल्या पेशी मोजल्या तर कोणती अवस्था किती वेळ टिकते याचा अंदाजही त्याच मोजणीतून येतो: जी जास्त वेळ चालते, तिच्यातल्या पेशी जास्त दिसणार. पश्चावस्था शोधावी लागते, कारण ती काही मिनिटांची असते.

डोळ्यातून कोंब, कोंबाच्या बुडाशी नवा गड्डा, त्याला नवे डोळे, त्यांतून हळकुंडे. नऊ महिन्यांत एका जेठ्याचा पाव-अर्धा किलोचा, कधी त्याहून मोठा गठ्ठा होतो आणि त्यातली प्रत्येक पेशी त्या पहिल्या घुमटातल्या पेशींची हुबेहूब नक्कल असते. मग पुढच्या वर्षी त्यातलाच गड्डा, त्याच्या पुढच्या वर्षी त्यातला. मराठवाड्यात जास्त लावली जाते ती सेलम ही जात. नाव तमिळनाडूतल्या गावाचे. नरसीच्या शिवारातली सेलम आणि वसमतच्या शिवारातली सेलम या दोन हळदी नाहीत. जनुकांच्या हिशेबाने ते एकच झाड आहे, हजारो एकरांवर वाटले गेलेले. ते जन्मले कधी हे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण त्याला म्हातारपण आलेले दिसत नाही. आपल्या शरीरातल्या साध्या पेशींना ही सोय नाही. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले की काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या पेशी पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. दर नकलेला गुणसूत्रांची टोके थोडी झिजतात, म्हणून. हळदीच्या डोळ्यातल्या पेशी ही टोके पुन्हा भरून काढतात.

इथे शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघते आणि ती पुष्कळदा उलटी समजली जाते. ज्वारीच्या रानातून टपोरी कणसे निवडून बियाण्याला ठेवली, तर काही पिढ्यांत वाण सुधारतो; आपल्या पूर्वजांनी हेच केले. हळदीत सगळ्यात मोठे गड्डे निवडले म्हणून वाण सुधारत नाही. मोठा गड्डा आणि लहान गड्डा यांची जनुके तीच. मोठ्या गड्ड्याला शिधा जास्त, म्हणून त्याचा कोंब जोमदार येतो, सुरुवात चांगली होते. जेठे निवडण्याची शिफारस बरोबरच आहे. पण वीस वर्षे निवडत राहिलात तरी एकविसाव्या वर्षी तीच सेलम हातात असेल.

मग ज्वारीत सुधारणा होते ती कशी? तिथे विभाजनाची दुसरी रीत येते, अर्धगुणसूत्री विभाजन. ते फक्त फुलात, परागकण आणि बीजांड तयार होताना घडते. ज्वारीची गुणसूत्रे २०, म्हणजे दहा जोड्या. प्रत्येक जोडीत एक गुणसूत्र बापाकडचे, एक आईकडचे. एरवी हे जोडीदार एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. या विभाजनात मात्र ते शोधत येऊन लांबीभर एकमेकांना बिलगतात आणि आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. मग जोडी फुटते, एक इकडे जातो, एक तिकडे; लगेच दुसरे विभाजन होऊन पेडही सुटे होतात. एका पेशीच्या चार झाल्या, प्रत्येकीत २० च्या जागी १०. फलनाच्या वेळी दहा आणि दहा पुन्हा वीस. कोणत्या जोडीतला कोण कोणत्या बाजूला जाईल हे दर वेळी नव्याने ठरते, म्हणून प्रत्येक परागकणात पत्ते वेगळे पिसलेले असतात. दहा जोड्यांचे १,०२४ प्रकार होतात, तुरीच्या अकरा जोड्यांचे २,०४८. माणसाच्या २३ जोड्यांचे ८३,८८,६०८, म्हणजे जवळजवळ ८४ लाख. निव्वळ योगायोग, पण चौऱ्याऐंशी लक्ष योनींची गोष्ट सांगायला नरसीत कीर्तनाला उभा राहणारा कोणी हा आकडा ऐकेल तर सोडणार नाही. त्यात तुकड्यांच्या अदलाबदलीचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

या सगळ्याला एक अट आहे: जोडी लागली पाहिजे. आणि ६३ ला दोनाने भाग जात नाही.

हळदीच्या गुणसूत्रांचा मूळ संच २१ चा आहे. बहुतेक सजीवांत असे दोन संच असतात, हळदीत तीन. एकेकाळी ४२ गुणसूत्रांच्या एका रानहळदीचा ८४ वाल्या दुसरीशी संकर होऊन ही तीन संचांची हळद जन्मली असावी, असा तर्क आहे. एकीकडून २१, दुसरीकडून ४२. सूत्री विभाजनाला याची काही अडचण नाही. तिथे जोडीदार लागतच नाही. प्रत्येक गुणसूत्र आपले आपण दुपेडी होते आणि सुटते, ती ६३ असोत की १६. अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र प्रत्येक ठिकाणी तिघे जमतात. दोघे एकीकडे आणि एक दुसरीकडे जातो, आणि हे २१ ठिकाणी २१ वेळा स्वतंत्रपणे घडते. परागकणात नेमका पूर्ण एक संच किंवा पूर्ण दोन संच यायचे तर एकवीसच्या एकवीस ठिकाणी वाटणी एकाच बाजूने झुकायला हवी. नुसते गणित केले तर ही शक्यता दहा लाखांत एक येते. बाकी परागकणांत कुठले गुणसूत्र एक, कुठले दोन असा गोंधळ. असा पराग बहुधा वाया जातो.

म्हणून हळदीला फूल येते, बी सहसा येत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या मधून हिरव्या-पांढऱ्या सहपत्रांचा तुरा निघतो, त्याच्या खोबणींतून पिवळसर फुले डोकावतात. दिसायला सगळा संसार थाटलेला. बी धरत नाही.

असाच ६३ चा हिशेब आणखी एका ओळखीच्या प्राण्यात आहे. घोडीची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळून खेचराची ६३. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवांचा मोठा बाजार भरतो, तिथल्या कोणत्याही जाणत्याला विचारा, खेचर वांझ असते हे तो सांगेल. अंगाने ते दणकट, कारण वाढायला सूत्री विभाजन पुरते. घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून त्याची पुढची पिढी अडते. हळदीत तिसरा जास्तीचा, खेचरात दोघे परके. कारण थोडे वेगळे, पण अडणे त्याच नाक्यावर. खेचराला मात्र डोळे फुटत नाहीत, त्यामुळे त्याचा वंश तिथेच संपतो. हळदीचा चालतो.

शेजारच्या अर्धापूर भागातली केळीही तीन संचांची, ११ च्या हिशेबाने ३३ गुणसूत्रांची. केळ्यात बी नसते ते म्हणूनच, आणि ती मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी वाढते ती म्हणूनच. नकलांच्या शेतीचा धोका काय असतो हे केळीनेच जगाला शिकवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका-युरोपच्या बाजारात ग्रो मिशेल या एकाच जातीचे केळे चालायचे. मर रोगाची एक बुरशी तिला लागली आणि १९६० पर्यंत व्यापारातून ही जात जवळजवळ गेली. जिथे प्रत्येक झाड तेच, तिथे एकाला न सोसणारी गोष्ट कोणालाच सोसत नाही. हिंगोलीच्या हळदीत कंदकूज शिरली की वाफेच्या वाफे बसतात. त्यात निचऱ्याचा, कंदमाशीचा, बेणेप्रक्रिया न करण्याचाही वाटा असतो. पण हजारो एकरांवर एकच झाड असणे ही गोष्ट औषधाच्या फवाऱ्याने बदलत नाही.

सूत्री विभाजन हुबेहूब नक्कल करते असे वर म्हटले, ते अगदी शंभर टक्के खरे नाही. डीएनएची नक्कल करताना साधारण अब्ज अक्षरांना एखादी चूक तपासणीतूनही निसटते. पेशीच्या डीएनएत अक्षरेच अब्जावधी असतात, तेव्हा दर विभाजनाला थोड्या चुका राहणारच. बहुतेक निरुपद्रवी. पण एखाद्या डोळ्याच्या घुमटात नेमक्या जागी चूक पडली तर त्या डोळ्यातून येणारे झुडूप वेगळे निघते आणि पुढे बेण्यातून ते वेगळेपण कायम राहते. हळदीच्या कितीतरी जाती अशा वेगळ्या निघालेल्या झुडपांच्या निवडीतून आल्या. कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाने क्ष-किरण टाकून मुद्दाम अशा चुका घडवल्या आणि को-१ ही जात काढली. कोझिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेने उलटा मार्ग धरला. हळदीला क्वचित धरणारे बी जपून उगवले आणि त्या रोपांतून प्रभा आणि प्रतिभा या जाती निवडल्या. क्वचित जमणारी गोष्ट चिकाटीने शोधली तर सापडते, ती अशी.

गुणसूत्रांचे संच वाढवण्याची एक युक्ती आपल्या कुंपणांवरही उगवते. कळलावी, लालपिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची विषारी वेल. तिच्या कंदांत आणि बियांत कोल्चिसिन असते. ते तर्कूतंतू जुळूच देत नाही; गुणसूत्रे दुप्पट होतात पण ओढून न्यायला कोणी नसते, आणि सगळी एकाच पेशीत राहतात. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेक्सली आणि ॲव्हरी यांनी याच रसायनाने वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करून दाखवली आणि पैदासकारांच्या हातात नवे हत्यार आले. बिनबियांचे कलिंगड त्यातलेच: कोल्चिसिनने चार संच केलेल्या वेलाचा दोन संचांच्या वेलाशी संकर, म्हणजे पुन्हा तीन.

अंगणातली सदाफुलीही हेच करते. तिच्यापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे तर्कूतंतू अडवतात. कर्करोग म्हणजे ज्यांची तपासणीची नाकी मोडली आहेत अशा पेशींचे बेबंद सूत्री विभाजन. ज्या पेशी सारख्या विभागतात त्यांना ही औषधे गाठतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. केस गळणे, तोंड येणे हे केमोथेरपीचे त्रासही यातूनच येतात: केसांच्या मुळाशी आणि तोंडाच्या अस्तरात पेशी सतत विभागत असतात, आणि बऱ्याच औषधांना चांगले-वाईट कळत नाही. (सदाफुलीची पाने चघळून काही होत नाही, विषबाधा मात्र होते. हे सांगावे लागते, कारण लोक चघळतात.) कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची सोय मुंबईत उभी करण्यात पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचा मोठा हात होता. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. आज देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे भांडार पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे.

आणि हळद? कर्क्युमिनने काचेच्या भांड्यातल्या कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबते, हे खूप प्रयोगांत दिसले आहे. पण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फार थोडे पोचते, आणि माणसांवरच्या चाचण्यांतून ते कर्करोगाचे सिद्ध औषध म्हणून ठरलेले नाही. हळद विकणाऱ्या जिल्ह्यात हे वाक्य लिहायला बरे वाटत नाही, पण रुग्णाने उपचार सोडून हळदीवर राहणे त्याहून वाईट. जखमेवर हळद लावण्याची गोष्ट वेगळी. जखम भरते तेव्हा कडेच्या कातडीतल्या खालच्या थरातल्या पेशी विभागत विभागत मध्यापर्यंत सरकत येतात. त्या कामी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

नव्या जातींसाठी वसमतला राज्य सरकारने हळद संशोधन केंद्र उभारायला घेतले आहे, सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीवर जुने काम आहे. पण हजारो एकरांतल्या कोट्यवधी डोळ्यांपैकी कोणत्या डोळ्यात उपयोगाची चूक पडली, हे शास्त्रज्ञाला तिथे बसून दिसणार नाही. ते रानात फिरणाऱ्यालाच दिसेल. तेव्हा हिंगोलीच्या हळद लावणाऱ्यांना एक विनंती. काढणीच्या आधी, पाने वाळून झोपायच्या आत, रान एकदा सावकाश फिरून पाहा. कंदकुजीने चहूबाजूंनी बसलेल्या वाफ्यात एखादेच झुडूप हिरवेगार उभे असेल, एखाद्याची पानेच वेगळी असतील, एखाद्याचे हळकुंड तोडल्यावर शेजाऱ्यांपेक्षा गडद निघेल, तर त्याला काठी रोवून खूण करा. त्याचे गड्डे शिजवायच्या ढिगात जाऊ देऊ नका. वेगळे ठेवा आणि पुढच्या वर्षी वेगळ्या वाफ्यात, जवळच साधी सेलमही घेऊन, लावा. वेगळेपण खताचे किंवा ओलीचे असेल तर ते त्या वर्षीच नाहीसे होईल. दोन हंगाम टिकले तर गड्डे घेऊन तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात जा.